कर्ता कुठं गेला?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं. 'गावातल्या सवर्ण जमीनमालकांनी बौद्धवाड्याची विहीर बंद केली.' मार्गदर्शक सरांनी त्याच्यावर तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिलं : भाषा भडक, संशोधनाला शोभत नाही, वस्तुनिष्ठ लिहा. मी खोलीवर आलो आणि वस्तुनिष्ठ झालो. 'सदर गावी काही काळ बौद्ध समाजाचा पाणीपुरवठा खंडित करण्यात आला.' सर खूष. प्रबंध पास. डिग्री मिळाली, नोकरीही लागली. पण ते वाक्य अजून घशात अडकून आहे, म्हणून हे टिपण.

मित्रहो, दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. जमीनमालक गेले. सवर्ण गेले. विहीरसुद्धा गेली! उरला पाणीपुरवठा. तो खंडित. शहरात नगरपालिका पाटी लावते ना, जलवाहिनी दुरुस्तीमुळे गुरुवारी पाणी येणार नाही, तसं. माझ्या आयाबायांनी दोन कोस चालून डोक्यावरनं पाणी आणलं, त्याचा मी पाईप फुटल्यासारखा जमाखर्च मांडला. हे काम सरांनी नाही केलं. मी केलं. सरांनी फक्त रेघ ओढली होती.

आता आपली पोरं एम.ए., पीएच.डी. करताहेत, त्यांचं लिखाण माझ्याकडं वाचायला येतं. त्यात हाच रोग पानोपानी. बहिष्कार टाकण्यात आला. घरं जाळण्यात आली. महिलेची विटंबना झाली. वाचताना वाटतं, महाराष्ट्रात अत्याचार हे पावसासारखे वरून पडतात. विचारलं तर पोरगं म्हणतं, दादा, अकॅडमिक भाषा अशीच असते, पॅसिव्ह व्हॉइस लागतो.

लागतो का? आधी व्याकरण बघू. शाळेत आपल्याला तीन प्रयोग शिकवले : कर्तरी, कर्मणी, भावे. भाव्याचं ठरलेलं उदाहरण म्हंजे 'रामाने रावणास मारले'. मास्तरला रावणच आठवतो, शंबूक कधी आठवत नाही. आपण शंबूक घेऊ. 'रामाने शंबूकास मारले.' भावे प्रयोग. क्रियापद ना कर्त्याच्या मागं जातं ना कर्माच्या, पण राम तिथंच उभा आहे, हातात तलवार. 'रामाने शंबूक मारला.' कर्मणी. क्रियापद शंबूकाच्या मागं गेलं, तरी राम हललेला नाही. म्हंजे मराठीतला कर्मणी प्रयोग गुन्हेगार नाही. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचं नाव घ्या, 'जेव्हा मी जात चोरली होती'. चोरली हे क्रियापद जात या कर्माप्रमाणं चालतंय, म्हंजे व्याकरणानं कर्मणीच. पण त्यातला 'मी' कुणाला झाकता येईल?

इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसचा धडा आपण मराठीवर जसाच्या तसा चिकटवतो तिथं घोटाळा होतो. मराठीत कर्ता पळतो तो वेगळ्या वाटेनं. 'शंबूक मारला गेला.' राम गायब. 'शंबूकाचा वध झाला.' राम तर गायबच, वर 'वध' शब्द आला. वध राक्षसाचा होतो, खून माणसाचा होतो, म्हंजे निकालही लागला. 'शंबूकास मृत्यू आला.' आता ताप येऊन मेला म्हणायलाही हरकत नाही. आणि कुणी म्हणेल, कर्ता ठेवतो की, 'रामाकडून शंबूक मारला गेला'. हे 'कडून' फार लबाड आहे. 'माझ्याकडून कपबशी फुटली' असं आपण कधी म्हणतो? चुकून फुटली तर. मुद्दाम आपटली तर नाही म्हणत.

'करण्यात आले' ही तर कचेरीची भाषा. कळविण्यात येते, नामंजूर करण्यात येत आहे. तिथं कारकुनाला स्वतःवर काही घ्यायचं नसतं. त्याचं पोट आहे, समजू शकतो. संशोधकानं कारकुनाचा कोट का घालावा?

सांगतात, विज्ञानाची शिस्त आहे. ठीक. प्रयोगशाळेत 'द्रावण तापवले' लिहिलं तर चालतं, कारण मी तापवलं काय आणि तुम्ही तापवलं काय, ते त्याच अंशाला उकळणार. कर्ता बदलला तरी निकाल बदलत नाही, म्हणून कर्ता गाळला. विहिरीचं तसं आहे का? विहीर आम्ही बंद केली असती तर? जिथं कोण करतो याच्यावरच सगळं अवलंबून आहे तिथं कर्ता गाळणं म्हंजे पुरावा गाळणं. आणि विज्ञानवालेसुद्धा आता तेवढे सोवळे राहिलेले नाहीत. 'नेचर' हे इंग्लंडातून १८६९ पासून निघणारं नावाजलेलं साप्ताहिक. त्यांच्या सूचना लेखकांना कर्तरीतच लिहायला सांगतात, आम्ही हा प्रयोग केला असं लिहा म्हणतात. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएच्या रचनेवरचा निबंध त्याच साप्ताहिकात छापला, त्याचा पहिलाच शब्द 'आम्ही' आहे. त्यांचा 'आम्ही' वस्तुनिष्ठ, आमचा 'मी' भडक!

बरं, आपण स्वतःला कुठल्या शब्दांनी हाक मारतो तेही बघा. दलित, बहिष्कृत, शोषित, पीडित, वंचित. सगळी भूतकाळी कर्मणी रूपं. दळलेला, बाहेर टाकलेला, शोषलेला. कुणी, ते शब्दात नाही. अस्पृश्य म्हंजे शिवू नये असा. कुणी शिवू नये? तेही नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्राचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं, पण त्याच्या पानापानांत बहिष्कार घालणाऱ्याचा हिशेब मांडला. शब्द कर्मणी, लेखणी कर्तरी. माझ्या प्रबंधात शोषित पानोपानी होता, शोषक शोधून सापडत नाही.

अकॅडमिक लिखाण कसं असावं हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' काढावा. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा वर्ग. वाचणारा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी. आणि प्रश्न कसा टाकलाय? नुसतं जाती निर्माण झाल्या असं म्हणून तो थांबत नाही. कुठल्या वर्गानं आधी स्वतःला कोंडून घेतलं, असं विचारतो. उत्तर देतो : ब्राह्मणांनी. मग इतरांनी त्यांची नक्कल केली. पण सगळ्यांनी नक्कलच केली असंही नाही. काहींनी आपलं दार आतून लावलं आणि काहींना ते बाहेरून लावलेलं आढळलं, अशा अर्थाचं तो मांडतो. म्हंजे कर्तरी आणि कर्मणी हा भेद त्यानं व्याकरणात नाही, जातीच्या जन्मातच दाखवला. सवर्ण प्राध्यापकांच्या पुढ्यात नव्हे, अमेरिकन गोऱ्यांच्या पुढ्यात वाचत होता हे खरं. पण एकही वाक्य भडक नाही, आणि कर्ता कुठं लपलेला नाही.

त्याच निबंधात आपल्या उतावळ्या दोस्तांसाठीही एक चपराक आहे. कर्ता पाहिजे म्हणून मिळेल तो कर्ता बसवायचा नाही. सगळं मनूनं केलं, असं आपण व्यासपीठावरनं ठोकून देतो. बाबासाहेब तिथं म्हणतात की जातीचा कायदा मनूनं एकट्यानं दिला नाही, जात त्याच्या फार आधीपासून होती, त्यानं तिला नियमात बांधलं आणि तिचं समर्थन केलं. पुढं २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, त्यात बाबासाहेबच पुढं होते. म्हंजे मनूवर माया होती म्हणून नाही. ज्यानं जेवढं केलं तेवढंच त्याच्या नावावर लिहायचं. माझ्या वाक्यात 'सवर्णांनी' एवढंच असतं आणि विहीर चारच घरांनी बंद केली असती, तर सरांची रेघ बरोबर ठरली असती.

कायद्याला हे बरं कळतं. घटनेचं सतरावं कलम अस्पृश्यता नष्ट झाल्याचं कर्मणीत सांगतं. ते फर्मान आहे, तिथं शोभतं. पण शिक्षा द्यायची वेळ आली तेव्हा १९५५ च्या कायद्याला 'जो कोणी' म्हणावं लागलं. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यानं त्याच्यापुढं जाऊन, जो कोणी अनुसूचित जाती-जमातीचा नसताना, असं म्हणत कर्त्याची सामाजिक जागाच वाक्यात घातली. म्हणून तर त्या वाक्याशी एवढी मारामारी चालते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरातल्या चौघांचे खून झाले. (बघा, मीही 'झाले' लिहून गेलो. गावातल्या सवर्ण जमावानं चौघांना मारलं.) २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाबद्दल शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटीचं कलम लागू धरलं नाही. माणसं कर्ता ठरली, जात ठरली नाही.

एवढं सगळं बोललो तरी एक गाठ सुटत नाही. ज्या म्हातारीनं मला विहिरीची हकीकत सांगितली ती आधी म्हणाली, "हिर बंद झाली बाबा." कर्ता तिनंही गाळला होता. मी विचारलं, कुणी बंद केली? तिनं उठून दार लोटलं, आणि मग तीन नावं घेतली. तिचं 'झाली' आणि माझं 'करण्यात आला' एकच म्हणायचं का? तिच्यापुढं उद्याचं सरपण होतं, नातवाची मजुरी होती. माझ्यापुढं सरांची सही होती. तिनं भीती असून दार लावून नावं तरी घेतली. मी डिग्रीच्या कागदासाठी ती खाल्ली.

दुसऱ्या आवृत्तीत तीन नावं छापू का? छापली तर किंमत मी देणार नाही, ती देईल. साक्षीदार वाचवायला कर्मणीत लिहावं लागलं तर मी लिहीन, पण झाकायचं असेल तर तिला, त्यांना नाही. बराच घोळ घालून ते वाक्य मी आता असं केलंय : 'गावच्या पंचांपैकी तिघा सवर्ण जमीनमालकांनी बौद्धवाड्याच्या विहिरीत काटेरी फांद्या टाकून ती बंद केली, असे वाड्यातील एका वृद्ध स्त्रीने मला सांगितले.' सर आता निवृत्त आहेत. म्हातारी अजून त्याच गावात राहते, तिचं नाव त्यात नाही.