कुमाराचा क्रोध आणि त्याचा श्रोता

१

कुमारवयीन वाचकांची कादंबरी हा वाङ्मयप्रकार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावला. त्याच्या विवेचनात संतप्त मुलाची व्यक्तिरेखा वारंवार पुढे येते. शाळेशी न जमणारा, घराशी फटकून वागणारा, वडीलधाऱ्यांच्या शब्दावर विश्वास न उरलेला मुलगा, असे तिचे स्थूल रूप सांगता येईल. जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१), एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ (१९६७) आणि रॉबर्ट कॉर्मिएर यांची ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) या तीन कादंबऱ्या या संदर्भात विशेष महत्त्वाच्या ठरतात. पहिली मुळात प्रौढांसाठी लिहिली गेली. कुमारांनी ती आपलीशी केली. दुसरी लेखिकेने शाळेत असतानाच लिहावयास घेतली आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे वय अवघे अठरा होते. तिसरीचा कर्ता पन्नाशीकडे झुकलेला वृत्तपत्रव्यवसायी होता. तिन्ही कादंबऱ्यांवर अमेरिकेतील शाळांतून व ग्रंथालयांतून वेळोवेळी आक्षेप घेतले गेले.

या आक्षेपांच्या मुळाशी क्रोध हा संसर्गजन्य आहे, ही समजूत असते. संतप्त मुलाची कथा वाचून वाचकही संतप्त होईल, अशी ही भीती आहे. तिच्या उलट दिशेने जाणारी दुसरी दृष्टी मानसोपचाराची आहे. ती क्रोधाकडे लक्षण म्हणून पाहते आणि कादंबरीकडे रुग्णाचे टिपण म्हणून. पहिली दृष्टी पुस्तक बंद करू पाहते, दुसरी ते उपयुक्त ठरवते. परंतु दोन्ही दृष्टी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. कादंबरीत क्रोध कोणाला तरी सांगितला जातो. तो कोण ऐकतो, की कोणीच ऐकत नाही, यावर त्या कादंबरीचा घाट आणि तिचा शेवट अवलंबून असतो. या तीन कृतींच्या तुलनेतून असे दिसते की, उपदेशाने वा समजुतीने यांतील एकाही मुलाचा क्रोध शमत नाही. तो स्वतः दुसऱ्या कोणाच्या क्रोधाचा श्रोता होतो, तेथेच त्याच्या संतापाला वळण मिळते. जेथे हे घडत नाही तेथे कादंबरी विनाशाकडे जाते.

२

होल्डन कॉलफील्ड याच्या संतापाचे मूळ शाळेतील ढोंगीपणात आहे, असे वरवर वाटते. कारण तो स्वतःच तसे पुनःपुन्हा सांगतो. वस्तुतः त्याचा पहिला मोठा उद्रेक शाळेपूर्वीचा व घरातला आहे. धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला, त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या खिडक्यांच्या काचा मुठीने फोडल्या. तेव्हापासून त्याला ती मूठ नीट आवळता येत नाही. ही शारीर खूण अत्यंत अर्थपूर्ण आहे. पुढे तो भांडणे ओढवून घेतो आणि दर वेळी मार खातो. त्याच्या क्रोधाचा खरा विषय मृत्यू आहे आणि मृत्यूला मूठ मारता येत नाही.

या उद्रेकाला घराने दिलेला प्रतिसाद म्हणजे मुलाची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, हा विचार. आईवडील दुष्ट नाहीत. ते दूर आहेत. वकील असलेले वडील प्रत्यक्ष प्रसंगात एकदाही येत नाहीत. आई येते ती एका विलक्षण प्रसंगात. होल्डन रात्री चोरून घरी येऊन धाकट्या बहिणीच्या, फीबीच्या, खोलीत बसला आहे. आईची चाहूल लागताच तो कपड्यांच्या कपाटात लपतो. आई खोलीत येते, सिगारेटचा वास आल्याचे बोलते, फीबी तो दोष स्वतःवर घेते आणि आई निघून जाते. मुलगा आणि आई यांच्यामध्ये एका कपाटाचे दार आहे आणि दोघांपैकी कोणीही ते उघडत नाही. या घरातील नात्याचे एवढे नेमके चित्र कोणत्याही भांडणाच्या प्रसंगातून उभे राहिले नसते.

कादंबरीचे वळण मात्र फीबीच्या क्रोधात आहे. भाऊ घर सोडून पश्चिमेकडे निघाला आहे, हे कळताच ती आपली पेटी घेऊन त्याच्याबरोबर जावयास येते. तो नकार देतो तेव्हा ती त्याच्याशी बोलणे सोडते, त्याची लाल टोपी त्याच्याच अंगावर फेकते आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालू लागते. प्रथम होल्डनही तिच्यावर ओरडतो. पण नंतर तो तिचा राग सोसतो, तिला वाट देतो आणि जाण्याचा बेत रद्द करतो. आतापर्यंत जगावर रागावलेला हा मुलगा येथे पहिल्यांदा दुसऱ्याच्या रागाचे लक्ष्य होतो आणि पळून जात नाही. पावसात भिजत, फिरत्या चक्रावरील बहिणीकडे पाहत बसलेला होल्डन वडिलधाऱ्याच्या जागी आलेला आहे. त्याचे आईवडील जे करू शकले नाहीत ते तो तेथे करतो. तो केवळ उपस्थित राहतो.

३

‘द आउटसायडर्स’मध्ये आईवडील कथेच्या आरंभापूर्वीच मोटार-अपघातात गेलेले आहेत. चौदा वर्षांचा पोनीबॉय, त्याहून थोडा मोठा सोडापॉप आणि वीस वर्षांचा डॅरी या तीन भावांचे हे घर. डॅरीने शिक्षणाची आशा सोडून कष्टाचे काम धरले आहे. भाऊ एकत्र राहिले नाहीत तर धाकट्यांना अनाथगृहात पाठवले जाईल, हे भय त्याच्या डोक्यावर आहे. भावाला बापाची भूमिका करावी लागते आणि धाकट्याला ती भूमिकाच दिसते, भाऊ दिसत नाही. पोनीबॉय एका रात्री उशिरा घरी येतो, शब्दाला शब्द लागतो आणि डॅरी त्याच्या थोबाडीत मारतो. त्या घरात त्यापूर्वी कोणी त्याच्यावर हात उगारलेला नव्हता. पुढचे सर्व अनर्थ, म्हणजे पलायन, जॉनीच्या हातून झालेला खून, चर्चची आग आणि दोन मित्रांचे मृत्यू, या एका थपडेनंतर घडत जातात.

टोळ्यांच्या वैराची कथा म्हणून ही कादंबरी प्रसिद्ध आहे. तथापि तिची खरी रचना घरांच्या तुलनेवर उभी आहे. जॉनीला वडील मारतात. पण त्याला घरच्यांच्या दुर्लक्षापेक्षा तो मारही बरा वाटतो, कारण त्या क्षणी तरी आपण कोण आहोत हे बापाला ठाऊक असते. उलटपक्षी, श्रीमंत टोळीतल्या बॉबला आईवडिलांनी कधीच ‘नाही’ म्हटलेले नाही; कोणीतरी आपल्याला अडवावे, हीच त्याची धडपड होती, असे त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र सांगतो. एका घरी मार आहे, दुसऱ्या घरी लाड आहेत आणि दोन्ही ठिकाणी ऐकणारा नाही. वर्गभेदाच्या कथेत ही समानता दाखवणे, हे हिंटन यांच्या वयाच्या मानाने असाधारण होते.

अखेरीस डॅरी व पोनीबॉय यांची पुन्हा जुंपते. तेव्हा नेहमी हसतमुख असणारा सोडापॉप घराबाहेर धावत सुटतो आणि दोघांच्या ओढाताणीत आपण फाटत आहोत, असे त्यांना सुनावतो. पोनीबॉय प्रथमच स्वतःच्या रागाच्या बाहेर येऊन ऐकतो. होल्डन आणि फीबी यांच्या प्रसंगाशी याचे साम्य उघड आहे. फरकही तितकाच स्पष्ट आहे. सॅलिंजर यांनी जे टोपी फेकण्यातून सुचवले ते हिंटन यांनी पात्राच्या तोंडून संपूर्ण वदवून घेतले. सोडापॉपचे निदान इतके नीटस आहे की समेट होणार याविषयी शंका राहत नाही. ही उणीव मान्य करूनही निवेदनाची योजना उल्लेखनीय ठरते. ही सारी हकीकत म्हणजे पोनीबॉयने इंग्रजीच्या शिक्षकासाठी लिहिलेला निबंध आहे, असे शेवटी कळते. संतापाला येथे वाचक मिळाला आहे आणि तोही वडीलधारा आहे.

४

‘द चॉकलेट वॉर’मध्ये हा आधार काढून घेतलेला आहे. जेरी रेनॉ याची आई कर्करोगाने वारली आहे. तिच्या मृत्यूनंतर दुःखालाही बाजूला सारणारा प्रचंड संताप त्याच्या मनात उसळला होता. परंतु तो कोणावर काढावा, हे त्याला कळले नाही. औषधविक्रेते वडील कामाच्या वेळा सांभाळतात आणि उरलेल्या वेळात पेंगतात. दिवस कसा गेला, या प्रश्नाचे बापलेकांकडे एकच ठराविक उत्तर आहे. तो ठीक गेलेला असतो. या घरात कोणी कोणावर ओरडत नाही आणि हीच त्या घराची शोकांतिका आहे.

घरात वाट न मिळालेला क्रोध शाळेत नकाराच्या रूपाने प्रकट होतो. ट्रिनिटी या कॅथलिक शाळेत ब्रदर लिओन वीस हजार चॉकलेटपेट्यांची विक्री विद्यार्थ्यांवर सोपवतो. आर्ची कॉस्टेलोच्या गुप्त टोळीच्या हुकमावरून जेरी दहा दिवस विक्रीस नकार देतो आणि मुदत संपल्यावरही नकार चालू ठेवतो. असे का, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. छळ सुरू होतो. तो घरी काहीच बोलत नाही. अखेर मुष्टियुद्धाच्या तमाशात तो जबर जखमी होतो आणि ‘विरोध करू नकोस, ते सांगतील ते कर,’ असे मित्राला सांगण्याची त्याची इच्छा असते. तेही त्याला उच्चारता येत नाही.

कॉर्मिएर यांच्यावर निराशावादाचा आरोप झाला. त्याचा विचार करताना निवेदनपद्धतीकडे पाहिले पाहिजे. होल्डन आणि पोनीबॉय आपली कथा स्वतः सांगतात. जेरीला ती संधी नाही. तृतीयपुरुषी निवेदन अनेक पात्रांच्या मनांत फिरत राहते आणि जेरी त्यांतील केवळ एक असतो. शेवटच्या झुंजीचा मोठा प्रेक्षकवर्ग हजर आहे, पण श्रोता एकही नाही. कादंबरीचा काळोख अशा रीतीने तिच्या रचनेतूनच सिद्ध झालेला आहे.

५

मराठी अभ्यासकाला येथे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आठवणे स्वाभाविक आहे. सॅलिंजर यांच्या कादंबरीशी तिची तुलना अनेकदा झालेली आहे. पांडुरंग सांगवीकर हा महाविद्यालयीन तरुण असल्याने ती कुमारांची कादंबरी नव्हे. धाकट्या भावंडाचा मृत्यू दोन्हींत आहे. परंतु घर भिन्न आहे. अमेरिकन कादंबरीत आईवडील मृत्यूने वा अंतराने बाजूला सारलेले असतात. खानदेशातील शेतकरी घरात वडील जिवंत आहेत, सधन आहेत, कर्ते आहेत आणि सतत समोर आहेत. पांडुरंगाच्या रागाला पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर तो पोहोचत नाही. त्याचा संताप हळूहळू उपरोधात विरतो आणि परीक्षेत अपयश घेऊन तो त्याच घरी परततो. तो कोणाच्या रागाचा श्रोता झालेला दिसत नाही. म्हणून त्याच्या परतण्याला समेट म्हणता येत नाही.

क्रोधाचे चित्रण करणारी कादंबरी वाचकाला क्रोध शिकवते, या आक्षेपाचे उत्तर या विवेचनात अंतर्भूत आहे. या कृती वाचणारा कुमार संतप्त मुलाच्या जागी स्वतःला पाहतो, हे खरे. पण वाचताना तो त्याच वेळी त्या मुलाचे म्हणणे ऐकतही असतो. जेरीच्या बाबतीत तर तो एकटाच ऐकणारा असतो. पुस्तक काढून घेतले की तोही उरत नाही.