मंदगतीचे वाङ्मय

मराठीत कवितेला समीक्षक आहेत, कादंबरीला आहेत, फार काय, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनाही आहेत. पण ‘जुन्या संगणकाचा वेग कसा वाढवावा’ या विषयावर जे अफाट वाङ्मय निर्माण झाले, त्याकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. रविवारच्या पुरवण्यांतून ते छापून आले, क्लासच्या झेरॉक्स नोट्समधून फिरले, आणि मौखिक परंपरेने तर आमच्या चिखलीत घरोघर पोचले. गेली पंधरा वर्षे मी या वाङ्मयाचा निष्ठावंत वाचक आहे. नुसता वाचक नव्हे, त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय मी करून पाहिला आहे. कवितेच्या समीक्षकावर कविता जगून बघायची पाळी सहसा येत नाही. माझ्यावर आली.

आधी यंत्राविषयी. २००९ साली पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून ते जोडले. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क. शेजारपाजारचे बघायला आले होते. सौ.ने त्याला फुलाफुलांच्या प्लास्टिकचे कव्हर शिवले, चपला काढूनच त्या खोलीत जायचा दंडक पडला, आणि दसऱ्याला सीपीयूला झेंडूचा हार पडू लागला. (सीपीयू म्हणजे आम्ही ज्याला सीपीयू म्हणतो तो अख्खा डबा. खरा सीपीयू आत असतो आणि बिस्किटाएवढा असतो, हे मला फार उशिरा कळले. तोवर हार डब्यालाच पडला.) दोन-तीन वर्षांनी यंत्र जड होत गेले. पुढेपुढे तर मी बटण दाबून आंघोळीला जाई, आणि संध्येपर्यंत सगळे आटोपून आलो तरी पडद्यावरचे ते चक्र आपले फिरतेच.

मग वाङ्मय सुरू झाले. त्यातला सर्वांत प्राचीन संप्रदाय रिफ्रेशचा. उजवे बटण दाबायचे आणि ‘रिफ्रेश’ म्हणायचे. एकदा नव्हे, पाच-सात वेळा, आणि तेही चेहऱ्यावर श्रद्धा ठेवून. आमच्याकडे येणारा प्रत्येक जाणकार खुर्चीत बसल्याबसल्या प्रथम हे करतो. हे संगणकापुढचे आचमन आहे. प्रत्यक्षात त्याने पडद्यावरची चित्रे पुन्हा एकदा काढली जातात, एवढेच. आचमनानेही पोट भरत नाही, पण म्हणून कोणी ते सोडले आहे का?

दुसरा संप्रदाय मांत्रिकांचा. ‘रन’ची खिडकी उघडून टेंप, मग टक्के-टेंप-टक्के, मग प्रीफेच, असे तीन मंत्र टाइप करायचे आणि जे जे दिसेल ते ते निवडून उडवायचे. चौकातला दुरुस्तीवाला हे इतक्या झपाट्याने करी, की त्याने काय उडवले हे कळेपर्यंत त्याने दोनशे रुपये मागितलेले असत. टेंपचे एक वेळ ठीक. तिथे खरोखरच उष्टेखरकटे साचते. पण प्रीफेच म्हणजे, पुढच्या वेळी काय काय लागेल याची यंत्राने स्वतःसाठी करून ठेवलेली यादी. ती फाडून यंत्र वेगवान करणे म्हणजे सौ.ची वाणसामानाची यादी फाडून स्वयंपाक लवकर व्हावा अशी अपेक्षा करणे होय. (हा प्रयोगही माझ्या हातून एकदा अजाणता झाला आहे.)

तिसरा संप्रदाय बूस्टरवाल्यांचा. फुकट मिळणारे एखादे सॉफ्टवेअर घ्यायचे, की ते तपासून सांगते, ‘तुमच्या रजिस्ट्रीत ८४७ दोष आहेत.’ पुढे, ‘पैसे भरा, काढतो.’ हा धंदा नवा नाही. १९९५ साली अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचे एक सॉफ्टवेअर विकले गेले. ते संगणकाची रॅम दुप्पट करते म्हणे. लाखो प्रती खपल्या. तज्ज्ञांनी उकलून पाहिले तर त्या कार्यक्रमाला रॅमशी काही कर्तव्यच नव्हते. तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने त्या कंपनीला धरले. त्याहून जुनी गंमत ‘टर्बो’ बटणाची. १९८०च्या दशकातल्या संगणकांच्या डब्यावर हे बटण असे. लोकांना वाटे, दाबले की यंत्र सुसाट सुटते. खरे पाहता ती सोय यंत्राला हळू करण्यासाठी होती, कारण जुने खेळ नव्या यंत्रावर इतके जोरात पळत की खेळणाऱ्याला काही सुचत नसे. म्हणजे टर्बो चालू ठेवणे याचा अर्थ एवढाच, की मुद्दाम मंद केले नाही.

असो. पण टवाळी म्हणजे समीक्षा नव्हे. या वाङ्मयात सोनेही आहे. ‘सुरू होताना आपोआप उघडणारे कार्यक्रम बंद करा’ हा उपाय अस्सल आहे. ‘दोन अँटिव्हायरस एका घरात ठेवू नका’ हाही. ते सवतींसारखे वागतात. आणि ‘डबा उघडून धूळ झाडा’ हा तर चिखलीकरांनी उंबऱ्यावर कोरून ठेवावा. आमच्या डब्यातून कुदळवाडीची, तळवड्याची आणि बहुधा थोडी भोसरीचीही धूळ निघाली. प्रोसेसर तापला की जिवाच्या भीतीने आपणहून मंद होतो. त्याच्या डोक्यावरचा पंखा धुळीने गच्च झाला होता, त्याला तो काय करणार?

मग या वाङ्मयाचा मूळ दोष कोणता? सांगतो. यातला एकही लेखक मोजत नाही. ‘फरक जाणवेल’ असे तो म्हणतो. जाणवेल म्हणजे किती? मी आयुष्यभर घड्याळ हातात घेऊन भाकरी खाल्ली आहे, मला हे चालत नाही.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी टाइम स्टडीला होतो. अमेरिकेत टेलरसाहेबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेली ही विद्या: कामगाराच्या मागे उभे राहायचे आणि एका नगाला किती वेळ लागतो ते टिपायचे. आमच्या घड्याळात मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग असत. कामगार आम्हाला ‘घड्याळवाले’ म्हणत आणि आम्ही दिसलो की तंबाखू थुंकून येत. ते घड्याळ मी ड्रॉवरमधून काढले, किल्ली दिली आणि संगणकापुढे मांडी ठोकली. बटण दाबल्यापासून पहिले अक्षर उमटेपर्यंत ६.७० मिनिटे. रिफ्रेशने फरक शून्य. प्रीफेच उडवल्यावर ६.९५, म्हणजे उलट वाढ! आपोआप उघडणारे नऊ कार्यक्रम बंद केल्यावर ५.४०. धूळ काढल्यावर ५.१५. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने रॅम चार जीबी केली, ४.६०. तिथे गाडे अडले.

तो मुलगा म्हणाला, “काका, प्रोसेसर बघा की. पाच टक्केसुद्धा काम करत नाहीये.”

मी बघितले, आणि मला एकदम १९८१ साल आठवले. आमच्या शॉपमध्ये लेथवर एक मामा होते. नग कमी निघत, म्हणून मला त्यांच्यामागे उभे केले. मी तीन दिवस टिपले. माझ्या तक्त्यात एक रकाना होता, ‘रिकामा वेळ’. तो भरून वाहत होता, आणि मी तो मामांच्या नावावर मांडला. तिसऱ्या दिवशी मामा मागे न वळताच म्हणाले, “सायेब, घड्याळ माझ्यावर लावलंय. ते जरा त्या ट्रॉलीवर लावा.” कास्टिंगची ट्रॉली शॉपच्या दुसऱ्या टोकाहून यायची. ती आली की मामांचा हात असा चाले की बघत राहावे. ती येईपर्यंत ते उभे. मला हे ऐकू आले होते, समजलेही होते. पण तक्त्यात ट्रॉलीला रकाना नव्हता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि साहेबांना संध्याकाळी अहवाल हवा होता. त्या दिवाळीला मामांचा इन्सेंटिव्ह कापला गेला.

आमच्या डब्यावर एक बारीक लाल दिवा आहे. हार्डडिस्क काम करत असली की तो लागतो. पंधरा वर्षे तो जवळजवळ अखंड जळत होता आणि मी पंधरा वर्षे प्रोसेसरला शिव्या देत होतो. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे, आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या पिनेसारखा एक दांडा इकडून तिकडे धावतो. एक गोष्ट शोधून आणायला त्याला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. ऐकायला किती थोडा! तेवढ्यात अडीच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके पडून गेलेले असतात. अडीच कोटी ठोके तो नुसता उभा. ट्रॉलीची वाट बघत.

मुलाने हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली. हिच्यात फिरणारे काही नाही, सगळे चिपांवर, त्यामुळे शोधायला शंभरपट कमी वेळ. नव्या संगणकाच्या पैशांत अशा आठ-दहा आल्या असत्या. जुन्यातले सगळे जसेच्या तसे तिच्यावर उतरवून घेतले. घड्याळ लावले: ०.८५ मिनिटे. मी पुन्हा लावले. सौ. म्हणाली, “अहो, सारखं चालू-बंद काय करताय, पोरासारखं?”

(जाता जाता वाङ्मयाचा आणखी एक दोष. त्याला तारीख नसते. ‘दर महिन्याला डीफ्रॅग करा’ हा उपदेश तबकडीच्या काळात योग्य होता. एसएसडीला तो निरुपयोगी, उलट तिची झीज करणारा. तरी नव्या नोट्समध्ये तो जुन्यातून तसाच उतरलेला आढळतो.)

चिरंजीव मात्र नाराज आहेत. ते हिंजवडीला असतात. त्यांचे म्हणणे, “बाबा, टाकून द्या. विंडोज सेव्हनला २०२०च्या जानेवारीपासून कुणी विचारत नाही, दहाचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि अकरा या यंत्रावर चढत नाही.” खरे आहे, म्हणून इंटरनेटची वायर मी काढूनच टाकली. पण टाकून द्या म्हणजे कुठे? पूर्वी कुदळवाडीचे नाव घेतले की भंगाराचा प्रश्न संपे. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली हजारो शेडे आणि गोदामे पाडली. आता तिथून जाताना मला वाट चुकल्यासारखे होते.

आणि टाकता न येण्याचे कारण दुसरेच आहे. २०१०च्या उन्हाळ्यात आईने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या मी याच यंत्रावर टाइप केल्या. तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी वळणे. फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली तर आईच्या ओव्यांऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा दिसतो. चिरंजीवांच्या लॅपटॉपवर तेच दिसले. आई २०१३ साली गेली. आता ती फाइल या डब्यावर चार सेकंदांत उघडते. मी एक ओवी वाचतो आणि शेजारच्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतो. एकशे बारा झाल्या, अजून सत्तरेक आहेत.

मामांनीही पुढे चिखलीतच गुंठाभर जागा घेतली. सकाळी स्पाइन रोडला फिरायला भेटतात. ऐंशीच्या पुढचे आहेत, काठी आली आहे. परवा मी त्यांना लाल दिव्याची सगळी हकिगत सांगितली. मधे टाइम स्टडीचा उल्लेख आला तेव्हा माझी जीभ जरा अडखळली. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “आमच्या नातवाचापन लई हळू चालतोय. त्या पोराला घेऊन या की एकदा. आणि घड्याळ आना तुमचं.”

रविवारी जायचे ठरले आहे.