कपड्याला वय कशाला?

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला दोनदा विचारलं, "नक्की हाच ना?" कारण इथे पुस्तकांवर, नाटकांवर, सिनेमांवर टीका होते. आणि मला बोलायचं होतं लहान मुलांच्या कपड्यांवरच्या लेबलाबद्दल. त्यातही वयाच्या मानाने खूप उंच असलेल्या मुलांच्या. (हशा) हसा, हरकत नाही. ज्यांच्या घरात असं मूल आहे ते मात्र हसत नाहीयेत, मला इथून दिसतंय.

टीका करायची तर समोर एक विधान लागतं. ते आपल्याकडे आहे. टी-शर्टच्या गळ्याशी, आतून, एक पट्टी शिवलेली असते. तिच्यावर लिहिलेलं असतं '९-१० वर्षं'. म्हणजे काय, तर नऊ-दहा वर्षांचं मूल एवढं असतं. माझं म्हणणं असं की हे विधान खोटं आहे, आणि त्याची किंमत कारखानदार देत नाही, मूल देतं.

आधी खोटं कसं ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ सालचा तक्ता आहे, पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी. त्यात दहा वर्षांच्या मुलीची मधली उंची साधारण १३८-१३९ सेंटिमीटर आहे. पण शंभरातल्या अगदी टोकाच्या दोन-तीन मुली इकडच्या आणि दोन-तीन तिकडच्या बाजूला ठेवल्या, तर उरलेल्या जवळपास १२६ ते १५१ सेंटिमीटरच्या दरम्यान पसरलेल्या असतात. पंचवीस सेंटिमीटर! एका वर्गातल्या, एका बाकावरच्या, दोघी ठणठणीत, आणि उंचीत वीतभराहून जास्त फरक. त्या दोघींना एकच पट्टी सांगते, 'तू नऊ-दहाची ना, मग हा घे.' एकीला तो ढगळ होणार, दुसरीला तोकडा.

ढगळ आणि तोकडा यांतही फरक आहे बरं का. ढगळ कपड्याला आपल्याकडे मान आहे. 'वाढत्या अंगाचा घ्या' हे वाक्य ऐकत आपण सगळे मोठे झालो. लहानखुऱ्या मुलाचा कपडा दुमडता येतो, टाचता येतो, पुढच्या दिवाळीपर्यंत चालवता येतो. तोकड्याचं काय करणार? बाही ओढून लांब होत नाही. आपली सगळी घरगुती हुशारी लहान अंगाला मोठा कपडा बसवण्याची आहे. उलटं करायची वेळ आली की आपल्याकडे युक्ती नाही.

आता एक प्रसंग सांगते. माझी भाची सहावीत आहे. अकरा पूर्ण, बारावं चालू. उंची १६५ सेंटिमीटर, पाच फूट पाच इंच. आई-बाप दोघंही उंच, डॉक्टर म्हणतात काही काळजी नाही. मागच्या दिवाळीआधी मी तिच्याबरोबर लक्ष्मी रस्त्यावर गेले होते. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण तोच प्रकार चार दुकानांत झाला. मुलांच्या विभागात तिने एक टी-शर्ट उचलला, त्यावर चष्मा लावलेली मांजर होती. मोठ्यात मोठा माप १२ वर्षांचा. अंगात गेला, पण पोट उघडं. विक्रेता भला माणूस होता. म्हणाला, "ताई, हिला आता लेडीजमध्येच बघा, वरच्या मजल्यावर." भाचीने विचारलं, "मावशी, वर मांजर असेल का?"

वर मांजर नव्हती. (हशा) वर खोल गळे होते, कमरेत घट्ट होणारे कुर्ते होते, छातीवर इंग्रजीत काहीबाही लिहिलेले टी-शर्ट होते, जे अकरा वर्षांच्या मुलीच्या छातीवर आपण कोणीच वाचू इच्छित नाही. आणि मुख्य म्हणजे, तिथलंही काही तिला बसत नव्हतं.

हा मुद्दा नीट समजून घ्या. लोकांना वाटतं, उंच मूल म्हणजे छोटा मोठा माणूस. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे उंचीने माझी भाची बहुतेक बायकांच्या वर जाते. पण अंग बाईचं नाही. बायकांचा कपडा बेततानाच छातीला टक्स घेतात, कंबर आत घेतात, नितंबाला घेर देतात. सडपातळ मुलीच्या अंगावर टक्सच्या जागी पोकळ फुगा येतो, मुंढा खाली लोंबतो, गळा खांद्यावरून घसरतो. मुलग्यांचं तेच, फक्त ते जीन्समध्ये दिसतं. पुरुषांची जीन्स बहुतेक ठिकाणी २८ कमरेपासून सुरू होते. उंच आणि काटकुळ्या मुलाची कंबर २४ असते. पाय पुरतात, कंबर गळते. मग पट्टा आवळायचा, मागे चुण्यांचा गठ्ठा. मुलांच्या विभागातली घ्यावी तर कंबर बरोबर आणि घोटे उघडे.

अगदी लहानांचंही ऐका. अडीच वर्षांचं उंच मूल चार-पाच वर्षांच्या मापात जातं. पण त्या मापाची पँट बेतणाऱ्याने धरलेलं असतं की हे मूल आता डायपर वापरत नाही, त्याला बटण लावता येतं, चेन ओढता येते. म्हणून डायपरला जागा नाही, इलास्टिकच्या जागी बटण. उंची चारची, बोटं अडीचची. बटण काढेपर्यंत पँट ओली! लेबलाने वय सांगितलं, आणि त्या वयाची कौशल्यंही गृहीत धरली.

मग हे असं का? नवीन ज्ञान लागतंय का? नाही. मला या सगळ्यात राग येतो तो इथे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १,४७,००० मुलामुलींची मापं घेतली. एकेका मुलाची ३६ मापं. रूथ ओब्रायन ही संशोधक आणि मेयर गिर्शिक हा संख्याशास्त्रज्ञ यांनी १९३९ मध्ये त्यावरून एक पद्धत सुचवली. कपड्याचं माप वयावर ठरवू नका, उंची आणि नितंबाचा घेर या दोन गोष्टींवर ठरवा. १९३९! त्याला ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली.

युरोपात आज बऱ्याच ठिकाणी मुलांचे कपडे सेंटिमीटरवर विकले जातात. १०४, ११०, ११६, १२२, दर सहा सेंटिमीटरला एक पायरी. मघाशी सांगितलेल्या दोन मैत्रिणींमध्ये पंचवीस सेंटिमीटर होते, म्हणजे त्या पद्धतीत चार पायऱ्यांचं अंतर. आपण त्यांना एका पायरीवर उभं करतो.

आणि आपल्याकडे? भारतीय अंगाची मापं घेण्याचा मोठा सरकारी प्रकल्प निफ्ट या संस्थेने हाती घेतला. इंडिया साइझ त्याचं नाव. सहा शहरं, २५,००० माणसं, त्रिमितीय स्कॅनर. कामाबद्दल मला आदरच आहे, आपण किती दिवस परदेशी मापांत अंग कोंबणार? पण त्याचा वयोगट पाहा, १५ ते ६५. म्हणजे जे अंग दर सहा महिन्यांनी बदलतं, ज्याला माप सगळ्यात जास्त लागतं, तेच मोजणीच्या बाहेर.

आता कारखानदाराची बाजू मांडते, नाहीतर ही टीका राहणार नाही, तक्रार होईल. एक टी-शर्ट सहा मापांत, तीन रंगांत काढला की अठरा प्रकारचा माल झाला. प्रत्येक मापात 'लांब' असा दुसरा प्रकार काढला की छत्तीस. दुकानदाराची फळी तेवढीच. न खपलेला लांब माल त्याच्या डोक्यावर. शिवाय कारखान्यात एका मधल्या मापाचा नमुना करतात आणि त्यावरून बाकीची मापं वाढवत नेतात. लांबी वाढते तशी रुंदीही वाढते. नुसती उंची वाढवायची तर त्याची वेगळी आखणी लागते. हा खर्च खरा आहे, मला मान्य आहे.

पण लेबलावर '९-१० वर्षं' याच्याऐवजी 'उंची १४० सेंटिमीटर, छाती ६८' असं छापायला काय खर्च येतो? शाई तेवढीच लागते. परदेशात पाठवायच्या मालावर हेच कारखाने सेंटिमीटर छापतातच की. आणि मांजरीचं चित्र आणखी दोन मापांत छापायला मांजर जास्त पैसे मागते का? (हशा)

इथे कोणीतरी म्हणणार, अहो, शिंपी आहे ना कोपऱ्यावर. आहे, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. आपला शिंपी 'वय किती' असं विचारत नाही. तो टेप काढतो. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, आणि त्या सोडलेल्या कापडाला आपल्या भाषेत शब्द आहे, 'माया'. पुढे टीप उसवली की तीच माया कामाला येते. तयार कपड्यात शिवण ओव्हरलॉकवर कडेपर्यंत कापलेली असते, माया अजिबात नाही. पण शिंप्याचे गोडवे गाऊन प्रश्न सुटत नाही. तो कुर्ता शिवेल, शाळेचा गणवेश शिवेल. ताणणाऱ्या कापडाचा टी-शर्ट किंवा ट्रॅकपँट बहुतेक जण शिवत नाहीत. आणि मुलाला हवं असतं वर्गातल्या बाकीच्यांसारखं. सगळ्यांच्या अंगावर तेच चित्र आणि आपल्याच अंगावर काकांनी शिवलेला चौकडीचा शर्ट, हे दहाव्या वर्षी जड जातं.

आता किमतीकडे येते, कारण मघापासून मी म्हणतेय, ती मूल देतं. आपण माणसाचं वय कपड्यावरून वाचतो. एकदा ती मुलगी बाईच्या कुर्त्यात उभी राहिली की रस्ता तिला बाई म्हणून वाचतो.  मैदानात घसरगुंडीवर चढली की कोणाची तरी आजी म्हणते, 'एवढी घोडी झाली!' हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरतात. रडली तर 'मोठी ना तू?' धाकट्या भावाशी भांडली तर तिचीच चूक. काही शाळांत उंच मुलींना इतरांच्या आधी स्कर्ट सोडून सलवार-कमीज घालायला सांगतात. का, तर 'बरं दिसत नाही.' ती अकरा वर्षांची आहे हो! बालपणाची दोन-तीन वर्षं तिच्याकडून काढून घेतली जातात, आणि त्याची सुरुवात 'हिला आता वरच्या मजल्यावर बघा' या वाक्याने होते.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. पैशाच्या बाबतीत ठीक आहे. वाढत्या मुलाला तुम्ही पाय आवरायला सांगू शकत नाही. अंथरूणच लांब करावं लागतं.

लांब कसं करायचं, थोडक्यात. दर तीन-चार महिन्यांनी घरी मापं घ्या. उंची, छाती, कंबर आणि जांघेपासून घोट्यापर्यंतची पायाची आतली लांबी. फोनमध्ये ठेवा. दुकानात वय सांगूच नका, मापं सांगा. पँट घेताना कंबरेच्या आत काजांचं इलास्टिक आहे का पाहा, बटणावर आवळता येतं. मग एक माप मोठी घेतली तरी पाय पुरतात आणि कंबर राहते. खाली आत दुमडलेली पट्टी रुंद असेल तर ती उसवून दीड-दोन इंच मिळतात. मुलींसाठी मुलांच्या विभागातला टी-शर्ट पाहायला लाजू नका, तो सरळ बेतलेला असतो आणि थोडा लांब असतो. आणि मुलासमोर 'तुझ्या मापाचं काही मिळतच नाही' असं म्हणू नका. 'यांनी तुझ्या मापाचं केलेलं नाही' असं म्हणा. दोन्ही वाक्यांत चूक कोणाची, ते मुलाला बरोबर कळतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: "पण ताई, मग मांजरीचं काय झालं?")

(हशा) हो, ते राहिलंच. आम्ही खाली परत आलो, तोच १२ वर्षांचा टी-शर्ट घेतला. आमच्या शिंप्याकडे ताणणाऱ्या कापडाचा एक जुना निळा टी-शर्ट नेला, त्याचा खालचा भाग कापून मांजरीच्या खाली सहा इंच जोडला. ते त्यांचं नेहमीचं काम नव्हतं, दोनदा टीप उसवावी लागली. खर्च टी-शर्टच्या निम्म्याहून जास्त आला. जोड दिसतो. ती घालते.

पण प्रत्येक घरात वेळ असलेली मावशी नसते, आणि एका मुलीच्या अंगावर कपडा नीट बसायला एवढं करावं लागत असेल, तर दोष अंगात नाही. तो त्या पट्टीवर छापलेला आहे. पुढच्या वेळी दुकानात विक्रेता वय विचारेल, तेव्हा त्याला एवढंच म्हणा, "वय राहू द्या, टेप आहे का?"