ओळखीच्या गवतातला परका

परक्या वनस्पतीच्या आक्रमणाची गोष्ट आपण वर्गात सांगतो, ती बहुतेक एकाच साच्याची असते. दूर देशाहून बी येते, इथे त्याला खाणारे किडे नसतात, आणि पाहता पाहता सगळ्या शिवारात तेच ते होऊन बसते. गाजरगवताच्या बाबतीत (ते नावापुरतेच गवत) हा साचा बऱ्यापैकी चालतो. पण पाहुणा आणि घरचा हे दोघे एकाच जातीचे, दिसायलाही सारखे असतील तर? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २००२ साली क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल यांचा जो शोधनिबंध आला, तो याच प्रश्नावर आहे. त्याचा दाखला आजही वरचेवर दिला जातो. आमच्या मते, तो जितके सिद्ध करतो त्याहून अधिक त्याच्या नावावर खपवले जाते.

या गवताचे नाव फ्रॅग्माइटिस ऑस्ट्रॅलिस. पाणथळीत वाढणारे, तीन-चार मीटर उंच, बोरूसारख्या पोकळ काडीचे. उत्तर अमेरिकेचे ते जुनेच रहिवासी. न्यू इंग्लंडच्या खाऱ्या दलदलीतील गाळात त्याच्या जमिनीखालच्या खोडांचे सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेले आहेत. विसाव्या शतकात मात्र अटलांटिक किनाऱ्यावर ते इतर पाणवनस्पतींना हुसकावून पसरू लागले. इतका काळ गुण्यागोविंदाने राहिलेले गवत एकाएकी का माजावे? रस्त्यांची कामे, शेतांतून वाहून येणारे नत्र, दलदलींची मोडतोड अशी कारणे पुढे आली. परक्या वाणाचा संशयही काहींना होता, पुरावा नव्हता.

तो वनस्पतिसंग्रहालयांच्या कपाटांत होता. सॉल्टनस्टॉल यांनी १९१० पूर्वी गोळा करून कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांतून हरितलवकाचा डीएनए काढला आणि आजच्या गवताशी ताडून पाहिला. जगभरच्या नमुन्यांत त्या डीएनएच्या २७ वेगवेगळ्या घडणी सापडल्या. तज्ज्ञ त्यांना हॅप्लोटाइप म्हणतात. त्यांपैकी ११ फक्त उत्तर अमेरिकेतल्या. युरोप-आशियात दूरवर आढळणारी ‘एम’ ही घडण जुन्या अमेरिकन नमुन्यांत क्वचित, तर नव्यांत जिकडेतिकडे. न्यू इंग्लंडमधून देशी घडणी नाहीशाच झालेल्या. ज्या गवताचा स्वभाव पालटला असे लोकांना वाटत होते, ते गवतच दुसरे होते! शंभर वर्षे कपाटात पडून राहिलेल्या कागदांना असा प्रश्न विचारावा, हे सुचणे यातच या निबंधाचे मोठे यश आहे.

तरीही दोन ठिकाणी थांबायला हवे. संग्रहालयातील नमुन्याची तारीख ही गवत येण्याची तारीख नसते. संग्राहक जिथे पोचतो तिथलेच उचलतो, आणि रोजच्या पाहण्यातले गवत तर सहसा उचलतच नाही. जहाजे तोल राखण्यासाठी जी माती भरून आणीत तिच्याबरोबर ‘एम’ अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरांत उतरले असावे, हा कयास सयुक्तिक आहे. पण तो कयासच.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा. हरितलवकाचा डीएनए या गवतात आईकडून येतो. ‘एम’ ही म्हणून एका मातृकुळाची खूण झाली. त्या कुळात किती निरनिराळ्या व्यक्ती आहेत हे तिच्यावरून कळत नाही. लोकप्रिय लेखनातून मात्र असे चित्र उभे राहते, की युरोपातून एक गवत आले आणि जमिनीखालच्या खोडाचे तुकडे होत खंडभर गेले. केंद्रकातील डीएनए तपासला की हे चित्र टिकत नाही. चेसापीक उपसागराच्या काठी झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ‘एम’च्या बेटांत भरपूर जनुकीय वैविध्य आढळले, आणि प्रसारात बियांचा वाटा मोठा असल्याचे दिसले. हे गवत स्वतःच्या परागांवर फारसे बी धरत नाही. शेजारी जनुकीयदृष्ट्या वेगळे झाड असले की बी भरते, बी भरले की नवी बेटे होतात आणि वैविध्य आणखी वाढते. शिवाय २०१३ साली ‘एम’खेरीज आणखी एक परकी घडण तिथे आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रवेश एकदाच झाला हेही धरता येत नाही.

मात्र ‘वैविध्य असेल तरच आक्रमण’ असा नियम कोणी फळ्यावर लिहू नये. शोभेसाठी देशोदेशी नेलेले फाउंटन ग्रास, म्हणजे पेनिसेटम सेटेसियम, फलनाशिवाय बी धरते. निरनिराळ्या खंडांतले त्याचे नमुने जनुकीयदृष्ट्या एकसारखे निघाले. तरी ते पसरले आहेच.

हा काथ्याकूट कशासाठी? अमेरिकेत या गवतावर तणनाशक फवारले जाते, आणि चुकीच्या बेटावर फवारले तर मरते ते देशी गवत. २००४ साली देशी गवताला ‘अमेरिकॅनस’ ही स्वतंत्र उपजाती म्हणून नाव मिळाले. त्याची काडी बुडाशी गुळगुळीत, तांबूस. पानांची आवरणे वाळल्यावर सहज गळतात. परक्याची आवरणे काडीला घट्ट धरून राहतात. अनुभवी माणसाला एवढ्यावरून पुष्कळदा ओळखता येते. शंका राहिली तर हरितलवकाची चाचणी आहे. पण देशी-परक्यांचा संकर होतो, हेही २०१० साली दिसून आले. आई देशी आणि बाप परका असलेला संकर त्या चाचणीत निखळ देशी म्हणूनच उतरतो.