दर्या आणि दऱ्या

मालवणच्या पुढ्यात दर्या, पाठीशी सह्याद्रीच्या दऱ्या. दोन शब्दांत फरक फक्त ‘र’च्या जोडणीचा. युनिकोडमध्ये ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतं: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र्’नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. काही सॉफ्टवेअर हे चिन्ह कचरा समजून गाळतात आणि दऱ्यांचा दर्या होतो. तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: ‘फॉन्ट बदला.’ पण मजकुरातून चिन्हच पुसलं गेलं, तर फॉन्ट काय दाखवणार? हिंदीत हा ‘ऱ’ लागत नाही. चाचणी फक्त हिंदीत झाली, तर चूक दिसतच नाही. मराठीत मात्र किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याबद्दल लिहिताना त्याच्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. अर्थ बदलणारी चूक ही दिसण्याची तक्रार नव्हे.