स्वभावभेद आणि ख्रिस्ती संगती : मराठी आत्मकथनांच्या संदर्भात

धर्मश्रद्धेचा स्वभावभेदाशी असलेला संबंध विचारात घेताना विल्यम जेम्स यांच्या १९०१-०२ मधील एडिंबरो येथील व्याख्यानांचा आधार घेण्याची प्रथा आहे. जन्मतःच प्रसन्न, निःशंक असणारे मन आणि आतल्या आत दुभंगलेले, पुनर्जन्माची वाट पाहणारे मन, हे त्यांनी केलेले वर्गीकरण उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र धर्म म्हणजे एकांतातील व्यक्तीचा अनुभव, अशी मर्यादा जेम्स यांनी स्वतःच आखून घेतली होती. मराठी ख्रिस्ती आत्मकथने वाचताना नेमकी हीच मर्यादा अडचणीची ठरते. येथे स्वभाव एकांतात प्रकटतो त्याहून अधिक पंगतीत, पाणवठ्यावर आणि स्वयंपाकघरात प्रकटतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण वरवर पाहता जेम्स यांच्या दुसऱ्या प्रकारात चपखल बसते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत नोंदवले आहे. परंतु सिस्टर जेराल्डाईन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वेगळेच काही सांगतो. मांसाहार न करण्याचा रमाबाईंचा आग्रह किंवा क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत ही त्यांची इच्छा जेराल्डाईन यांना अहंकाराची खूण वाटते; रमाबाईंच्या लेखी तो सदसद्विवेकाचा प्रश्न असतो. तर्काने पटल्याखेरीज न वाकणारा हा स्वभाव पुराणिक वडिलांच्या घरी, शास्त्राध्ययनात घडलेला होता. पुढे केडगावला त्यांनी उभारलेली मुक्ती मिशनची वसाहत कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसली नाही, हे या स्वभावाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा. १८९३ मधील आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून मिळालेला नवा करार, डोंगरावरील प्रवचनाने घेतलेली पकड, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनपासून दूर होऊन स्थापलेला ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यांनी एकत्र बसवू पाहिले. उतावळ्या, उदार, कशातही न मावणाऱ्या मनाला संस्थेपेक्षा वारकऱ्यांच्या मेळ्यासारखी संगती जवळची वाटावी, हे स्वाभाविक होते.

पण टिळकांचा हा ‘स्वभाव’ आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून, ही गोष्ट समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ च्या चरित्रातील टिळक संतकवी आहेत. ‘स्मृतिचित्रे’मधील टिळक घरातली वस्तू कोणालाही देऊन टाकणारे, क्षणात रागावणारे आणि क्षणात विरघळणारे गृहस्थ आहेत. संगतीत राहणाऱ्या माणसालाच दुसऱ्याचा स्वभाव असा दिसतो.

लक्ष्मीबाईंना स्वतःला तर कोणत्याच वर्गात बसवता येत नाही. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे दूर राहिल्या. परतल्यावरही सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून संसार करू लागल्या. पुढे जातिभेद देवाचा नव्हे, माणसांचा, हे मनाशी पक्के झाले आणि इतरांच्या हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. १९०० मधला बाप्तिस्मा हा त्यानंतरचा. म्हणजे येथे श्रद्धेतून संगती निर्माण झाली नाही. संगतीची वाट आधी मोकळी झाली आणि श्रद्धा तिच्यामागून आली. हा प्रसंग त्या ज्या साध्या, किंचित मिस्कील सुरात सांगतात, त्यामुळे धर्मांतरकथेचा परिचित साचाच मोडतो. नाट्यमय साक्षात्काराची अपेक्षा धरणाऱ्या वाचकाच्या हाती एका गृहिणीची सोडलेली विटाळाची कल्पना येते, आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून गेलेल्या कवीचे ते काव्य पुढे याच गृहिणीने पुरे केलेले असते.