फेअरिंग उतरवल्यावर

स्पोर्ट्‌स बाइक कापून तिची कस्टम गाडी करावी का, या प्रश्नावर मोटरसायकलवाल्यांत सरळ तीन तट आहेत. पहिल्याला ही विटंबना वाटते. कारखान्यातल्या अभियंत्यांनी विंड टनेलमध्ये घासूनपुसून काढलेलं अंग कुणीतरी ग्राइंडर हातात घेऊन उतरवतो, हे त्याला बघवत नाही. दुसऱ्याच्या लेखी तीच गाडी कच्चा माल आहे: एवढं ताकदवान इंजिन, एवढे चांगले ब्रेक, असं सस्पेन्शन एवढ्या किमतीत दुसरीकडे मिळणार कुठे? तिसरा तट सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलणारा. त्याची गाडी पडलेली असते, फेअरिंगचा, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या अंगाचा, चुरा झालेला असतो आणि नवं घ्यायला खिशात पैसे नसतात. या कलेचा इतिहास घडवला तो या तिसऱ्या तटाने, आणि तिच्या आजच्या अवस्थेबद्दल बोलायचं तर सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी.

१९८५ साली सुझुकीने जीएसएक्स-आर ७५० बाजारात आणली. अ‍ॅल्युमिनियमची चेसिस, कोरडं वजन १७६ किलो. शर्यतीची गाडी नंबरप्लेट लावून रस्त्यावर आल्यासारखं ते प्रकरण होतं. ब्रिटनमधल्या तरुणांनी ती घेतली, पळवली आणि पाडली. फेअरिंगच्या सुट्या भागांची किंमत आणि विम्याचा हप्ता यांची बेरीज करून पाहिल्यावर त्यांनी फुटलेलं प्लास्टिक फेकून दिलं, सहनशक्तीच्या शर्यतींतल्या गाड्यांसारखे दोन गोल हेडलाइट पुढे बसवले, खाली झुकलेली क्लिप-ऑन हॅण्डलं काढून मोटोक्रॉसचं सरळ रुंद हॅण्डल टाकलं, शेपूट कापून वर चढवली. स्ट्रीटफायटर जन्मली ती अशी, परवडण्याच्या हिशोबातून.

पण तो नुसता काटकसरीचा मामला नव्हता. त्या सुझुकीचं इंजिन पाण्याऐवजी तेलाने थंड व्हायचं. त्यामुळे सिलिंडरवर बारीक, दाट फिन्स होत्या, भोवती रेडिएटरचे जाड रबरी पाइप नव्हते, चेसिस चौकोनी नळ्यांची आणि सरळ होती. फेअरिंग उतरवल्यावर आत बघण्यासारखं काहीतरी निघालं. याउलट १९८७ ची होंडा सीबीआर ६०० एफ घ्या. तिचं अंग चहूबाजूंनी बंद होतं, आणि आतलं इंजिन कुणाच्या नजरेला पडणारच नाही हे आखणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. असं अंग उतरवलं की खाली दिसतात ते वाकडेतिकडे होस, क्लिपा, पांढरी पडलेली कूलंटची बाटली, टेपने गुंडाळलेल्या वायरींचा जुडगा, कुठलाच भार न पेलणारे लोंबते ब्रॅकेट. पुढच्या बहुतेक स्पोर्ट्‌स बाइकची गत हीच. म्हणून स्पोर्ट्‌स बाइकवर काम करणाऱ्या बिल्डरची खरी परीक्षा फेअरिंग काढण्यात नाही. उघड्या पडलेल्या पसाऱ्याला नीट जागा शोधून देणं, होस नव्याने वळवणं, बाटली कुठेतरी आत बसवणं, वायरिंग टाकीखालून नेणं यात त्याचे तास जातात. छायाचित्रात हे काम दिसत नाही. गाडीजवळ उकिडवं बसून इंजिनाच्या डाव्या अंगाकडे बघितलं की लगेच कळतं.

शुद्धतावाद्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे: काही गाड्या कापू नयेत. मासिमो तांबुरीनीने आखलेली १९९४ ची डुकाटी ९१६ चांगल्या अवस्थेत असेल तर तिच्यावर ग्राइंडर चालवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. ती गाडी पूर्ण झालेली आहे. तिच्यातून काही काढलं तर ती कमीच होते. पण याच तांबुरीनीची सुरुवात शुद्धतावाद्यांनी आठवून पाहावी. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर त्याची होंडा सीबी ७५० पडली. बरं होता होता त्याने त्या पडलेल्या होंडाच्या इंजिनासाठी स्वतःची चेसिस बांधली आणि तिच्यातूनच बिमोटा कंपनीची पहिली गाडी, एचबी१, उभी राहिली. म्हणजे ज्या गाडीला हात लावू नये म्हणून आज लोक तावातावाने भांडतात, तिचा कर्ता पडलेली गाडी उघडूनच या धंद्यात आला होता. मूळ गाडी पवित्र आहे म्हणून कस्टम नको, हा युक्तिवाद इथे कोसळतो. उरतो तो एकच प्रश्न: बदलानंतर गाडी चालते कशी?

नेमका हाच प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुणी विचारेनासं झालंय. त्याला कारण कारखानेही आहेत. स्ट्रीटफायटरची कल्पना त्यांनी लवकर उचलली. मिगेल गालुझीने आखलेली डुकाटी मॉन्स्टर १९९२ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात आली. सुपरबाइकच्या चेसिसवरून घडवलेला सांगाडा आणि ९०० एसएसचं इंजिन, वर जवळजवळ काहीच नाही. १९९७ मध्ये ट्रायम्फने टी५०९ स्पीड ट्रिपल आणली. ती तर डेटोनाचीच फेअरिंग नसलेली बहीण होती आणि तिच्या कपाळावर गॅरेजवाल्यांचे ते दोन गोल हेडलाइट होते. २००९ पर्यंत डुकाटीने 'स्ट्रीटफायटर' हे नावच गाडीला दिलं. जी गाडी घडवायला पूर्वी महिने जात ती शोरूममध्ये वॉरंटीसह मिळू लागली. मग कस्टमवाल्यांच्या हातात काय उरलं? रूप उरलं, आणि ते रूपाच्याच मागे लागले.

त्यातून आली कॅफे रेसरची लाट. मूळ कॅफे रेसर हा वेगाचा हट्ट होता. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेजवळ जमणारी पोरं ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये बसवून ट्रायटन करायची, कारण ते इंजिन पळायला चांगलं आणि ती चेसिस वळायला चांगली. आजच्या लाटेत मात्र चामड्याची तपकिरी सीट, सायलेन्सरच्या पाइपावर गुंडाळलेली पट्टी, एअरबॉक्स फेकून लावलेले उघडे फिल्टर आणि फायरस्टोन डिलक्स चॅम्पियनचे जाड टायर. शंभराच्या पुढे हॉर्सपॉवर असलेल्या स्पोर्ट्‌स बाइकला असले जुन्या घडणीचे टायर लावणं हा माझ्या मते गुन्हा आहे. वळणावर आडवं होता यावं म्हणून जिचा प्रत्येक भाग घडवला, तिला वळताच येत नाही. त्यात टाकीची खालची कड आणि सीट एका आडव्या रेषेत आलीच पाहिजे असा दंडक. स्पोर्ट्‌स बाइकची चेसिस, टाकी, शेपूट, सगळं पुढे झुकलेलं असतं. तिच्यावर आडवी रेषा लादली की गाडी मध्येच मोडल्यासारखी दिसते. अनेक गाड्यांत टाकीच्या पुढच्या भागाखाली एअरबॉक्स असतो आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत. जुन्या घाटाची गोल टाकी बसवायची तर या दोन्हींची सोय लावावी लागते. ती न लावता बांधलेल्या गाड्या प्रदर्शनात ट्रेलरवरून उतरतात आणि ट्रेलरवरच परत चढतात.

साधा हॅण्डलचा बदल घ्या. १९९८ च्या यामाहा आर१ चा स्टीअरिंगचा कोन २४ अंश, ट्रेल ९२ मिलिमीटर आणि दोन चाकांतलं अंतर १३९५ मिलिमीटर. स्टीअरिंगचा तिरका अक्ष जमिनीपर्यंत नेला तर तो पुढचं चाक जिथे टेकतं त्याच्या थोडा पुढे पडतो. हे अंतर म्हणजे ट्रेल, आणि गाडी सरळ राहते ती त्याच्या जिवावर. क्लिप-ऑनवर ओणवलेल्या चालकाचं वजन पुढच्या चाकावर येतं, सगळी आखणी ते धरून केलेली असते. उंच सरळ हॅण्डल लावलं की चालक मागे सरकतो, पुढचं चाक हलकं होतं. त्यात कुणी दिसायला रुबाबदार म्हणून मागचा शॉकअप लांब टाकून शेपूट उचलली, तर कोन आणखी उभा होतो, ट्रेल कमी होते. सावकाश चालवताना गाडी चपळ वाटते. वेगात, खडबडीत रस्त्यावर तेच हॅण्डल डावी-उजवीकडे फडफडायला लागतं. म्हणून जाणता बिल्डर हॅण्डलबरोबर फोर्कच्या स्प्रिंगा आणि प्रीलोड चालकाच्या वजनाप्रमाणे पुन्हा लावतो, स्टीअरिंग डॅम्पर बसवतो, ब्रेकचे होस आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली लांब घेतो, आणि हॅण्डल पूर्ण वळवून अंगठा टाकीत चेमटत नाही ना ते बघतो. हे शेवटचं न बघता रस्त्यावर आणलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. यू-टर्न घेतानाच त्या चालकाला दगा देतात.

अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, वेगळीच परंपरा वाढली. सुझुकी हायाबुसाचा मागचा चिमटा (स्विंगआर्म) हातभर लांबवायचा, मागे ३०० किंवा त्याहून रुंद टायर घालायचा, क्रोम चढवायचं. यातला लांब चिमटा ड्रॅग स्ट्रिपवरून आलेला आहे आणि तिथे तो शंभर टक्के बरोबर आहे. सरळ रेषेत सुटताना पुढचं चाक उचलू नये म्हणून त्याची गरज असते. पण तीनशेचा टायर गाडीला वळू देत नाही, झुकवायला जोर लावावा लागतो. त्या गाड्यांवरची रंगकामाची आणि धातुकामाची कारागिरी मी मनापासून मानतो. मोटरसायकल म्हणून मात्र त्या मला अपुऱ्या वाटतात.

चांगलं काम होतच नाही असं अजिबात नाही. कस्टम गाड्या बांधणारा रोलंड सँड्स स्वतः अमेरिकेतला २५० सीसी ग्रांप्रीचा १९९८ चा विजेता. त्याच्या गाड्या कितीही भडक दिसल्या तरी चालवणाऱ्याची जागा त्यांत चुकत नाही. न्यू हॅम्पशरमध्ये काम करणारा वॉल्ट सीगल डुकाटीच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी स्वतःची हलकी नळ्यांची चेसिस बांधतो. त्याची लेजेरो गाडी बघितली की कस्टम म्हणजे मुळापेक्षा कमी वजन आणि जास्त नेमकेपणा, हे पटतं. माझ्या मते या कलेचा खरा वारसा या दोघांच्या हाती आहे.

आपल्याकडे मात्र उलटी गंगा वाहिली. २००४ मध्ये 'धूम' आला आणि पोरांना मोठ्या गाड्यांचं वेड लागलं. गाड्या होत्या पल्सर आणि करिझ्मा. मग फायबरचं फेअरिंग चढवून त्यांच्या 'हायाबुसा' होऊ लागल्या. दहा-पंधरा किलो फायबर आणि रुंद टायर अंगावर घेऊन दोनशे सीसीची ती इंजिनं धापा टाकायची. फेअरिंग उतरवण्याची हौस नंतर आली, चाकणच्या केटीएममुळे. तिथेही विचार कमी पडतो. २०१३ मध्ये ३९० ड्यूक आली, तिच्यावरून पुढच्या वर्षी आरसी ३९०. आरसीचं फेअरिंग काढून पुन्हा ड्यूक करण्यात काय साधतं? उलट आरसीचा स्टीअरिंगचा कोन ड्यूकपेक्षा उभा, म्हणजे उंच हॅण्डल लावून हाती येते ती ड्यूकहून उथळ गाडी. पडलेली, अंग फुटलेली आरसी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मी त्या पोराच्या बाजूने उभा राहीन.

कारागिरीची आपल्याकडे वाण नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हवा तो भाग घडवून मिळतो, पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग सापडतात. आणि चेसिसचं शास्त्र तर आपल्या दारात आलेलं आहे: ब्रिटनच्या शर्यतींत आणि स्पेशल गाड्यांत नाव कमावलेली हॅरिस परफॉर्मन्स ही चेसिस बांधणारी पेढी २०१५ मध्ये रॉयल एनफील्डने विकत घेतली. कॉन्टिनेंटल जीटी ६५० वळणावर इतकी निश्चिंत का वाटते याचं उत्तर तिथे आहे. अडतं ते कायद्याशी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. कर्कश सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रात्री दोन वाजता झोपलेली गल्ली उठवण्याला कला म्हणत नाहीत. पण कायदा त्या सायलेन्सरवाल्यात आणि नीट मोजून-मापून हॅण्डल, सस्पेन्शन बदलणाऱ्यात फरकच करत नाही. जर्मनीत ट्यूफचा तपासनीस बदल तपासतो आणि योग्य असेल तर कागदावर चढवतो. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकट्या गाडीचीही तपासणी होऊन तिला नोंदणी मिळू शकते. तपासणी आहे म्हणून तिथला बिल्डर जबाबदारीने काम करतो. आपल्याकडे सगळंच चोरीचं, त्यामुळे चांगल्या कामालाही तपासणारा नाही आणि वाईट कामालाही.

त्यामुळे माझी मागणी दोघांकडे आहे. परिवहन खात्याने एकेका गाडीच्या तपासणीची सोय करावी: ब्रेक, आवाज, धूर, स्टीअरिंग आणि वेल्डिंग तपासा, फी घ्या, नापास करा, पण पास होण्याची वाट ठेवा. आणि गाडी कापायला निघालेल्या दोस्तांनो, ग्राइंडर सुरू करण्याआधी मूळ गाडीचा कोन, ट्रेल, दोन्ही चाकांवरचं वजन मोजून वहीत लिहून ठेवा, काढलेला प्रत्येक भाग जपा, आणि काम झाल्यावर ती गाडी फोटो काढण्याआधी ताम्हिणी घाटातून एकदा चालवून आणा.